वन्संची काळी सर

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना जिला अर्ध्या वाटेत लिंबू हुंगावं लागतं, त्या बाईला लेकाने भर समुद्रात दहा-बारा दिवस नेऊन ठेवायचं म्हणजे हद्द झाली. माझा मुलगा सिडनीला असतो. दर वर्षी त्याचं एकच टुमणं, आई ये, आत्याला घेऊन ये. त्या वर्षी त्याने न विचारता विमानाची तिकिटं काढली, आणि वर सिडनीहून फिजी बेटांकडे जाणाऱ्या क्रूझचं बुकिंगही करून टाकलं. मी फोनवरच त्याला झापलं. म्हटलं, "त्यापेक्षा मला गिरगाव चौपाटीवर नेऊन बुडव, स्वस्तात पडेल." तो हसत सुटला. अगदी बापावर गेलाय, मी चिडले की याला हसू येतं.

"मी नाही जाणार," मी फोन ठेवून जाहीर केलं. वन्सं समोर शेंगा सोलत बसल्या होत्या. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सत्तरीला टेकल्यात. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "जाऊया की."

माझा नकार तिथेच विरघळला. कारण वन्सं कधी काही मागत नाहीत. बाजारातून काय आणू, विचारलं तर उत्तर ठरलेलं, "माझं काय, काहीही चालेल." साडी कुठली, काहीही चालेल. जेवायला काय, काहीही चालेल. मला याचा कैकदा संताप आलाय. माणसाने निदान वांगं नको, भेंडी हवी, एवढं तरी म्हणावं!

त्यांनी लग्न केलेलं नाही. माझे सासरे गिरणीत होते. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि घरात पगार आणणाऱ्या त्या एकट्या उरल्या. शाळेच्या ऑफिसात क्लार्क होत्या. दोन्ही भावांची शिक्षणं, नोकरी लागेपर्यंतचे खर्च, लग्नं, सगळं त्यांच्या पगारावर झालं. त्यांना स्थळं येत होती. 'आत्ता नको' असं घरात कुणी कधी म्हटलं नाही. फक्त कुणी घाईही केली नाही. मग स्थळं यायची थांबली. मी सून म्हणून भोईवाड्यातल्या चाळीत आले तेव्हा हा विषय घरात संपलेला होता. पुढे सासू-सासरे गेले, दीर वेगळा राहायला गेला, माझा नवरा गेला, चाळीच्या जागी टॉवर झाला आणि वरच्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये आम्ही दोघीच राहिलो.

तर वन्सं 'जाऊया' म्हणाल्या म्हणून मी गेले. माझं ठरलं होतं, उलट्या झाल्या तर मुलाच्या अंगावरच करायच्या. पण ती बोट कसली, आमचा टॉवर आडवा पाडून पाण्यात सोडावा, तसलं ते प्रकरण. हलते आहे हे कळायचंसुद्धा नाही. सकाळपासून खाण्याची रेलचेल, आणि तरी माझ्या बॅगेतला मेतकुटाचा डबा रोज निघायचा. वन्सं डेकवर खुर्ची टाकून बसायच्या. सूनबाईने दिलेली गोल हॅट घालून पाण्याकडे बघत. मी विचारायचे, "काय दिसतंय?" तर म्हणायच्या, "काही नाही. तेच छान आहे."

फिजीला एका बंदरात बोट दिवसभर थांबली. मुलगा आणि सून नातवाला घेऊन पोहायला गेले, आम्ही दोघी बाजारात. दुकानं चिकार. शंख, लाकडी मुखवटे, फुलाफुलांचे झगे. आणि मग एक मोत्यांचं दुकान लागलं. आत काचेखाली काळे मोती मांडलेले.

काळे म्हणायचे, पण नुसते काळे नव्हेत. दादरला कबुतरं बसलेली असतात ना, त्यांच्या मानेवर उन्हात हिरवा-जांभळा रंग फिरतो, तसा त्यांच्यावर फिरत होता. मी आपली मोती म्हणजे नथ, कुड्या, तन्मणी एवढंच बघितलेली. हे भलतंच सुंदर होतं. दुकानातली बाई आमच्यासारखीच दिसायची. तिचे पणजोबा कधीकाळी उसाच्या मळ्यात काम करायला हिंदुस्थानातून तिथे आणलेले, ती सांगत होती. हिंदी बोलायची, पण वेगळीच.

तिने एक सर बाहेर काढून मखमलीवर ठेवली. मोती नीट गोल नव्हते, अंगावर वळ्या असलेले, म्हणून जरा कमी भावाचे. मला त्या वळ्याच आवडल्या. मी हात पुढे केला.

आता इथे माझं एक सांगते. नवरा गेला त्या दिवशी माझं मंगळसूत्र मी स्वतः काढून ठेवलं. आमच्यात बाया जमतात आणि काढतात. ते मला नको होतं. कुणी हात लावायच्या आत मीच काढलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली. तेव्हापासून गळ्यात साधी सोन्याची चेन. काळ्या मण्यांना मला कुणी बंदी घातलेली नाही. पण हात जात नाही, एवढं खरं. त्या दुकानात माझ्या मनात आलं, हे मणी थोडेच आहेत? मोती आहेत. मोत्यांना कोण काय म्हणणार?

"वहिनी," वन्सं मागून म्हणाल्या.

झालं! माझं डोकं फिरलं. मला वाटलं, आता या सांगणार, काळं कशाला गं गळ्यात, लोक काय म्हणतील. मी गर्रकन वळले. "काय आहे? नवरा माझा गेला, गळा माझा आहे. लोक काय म्हणतील ते आता सातासमुद्रापलीकडे येऊनसुद्धा ऐकून घेऊ का मी?"

दुकानवाली दोन पावलं मागे सरली. वन्सं जागच्या हलल्या नाहीत. त्यांची नजर त्या सरीवर होती.

"ओरडू नको," त्या म्हणाल्या. "माका व्हयी गो ती."

आमच्या घरातली मालवणी सासूबरोबर गेली. वन्संची भाषा एरवी ऑफिसातली, व्यवस्थित. अगदी आतलं काही असलं तरच त्यांच्या तोंडून मालवणी निघते. भाऊ गेला त्या दिवशी निघाली होती, त्यानंतर ही आत्ता. मला हवी आहे, असं त्या म्हणत होत्या. वन्सं म्हणत होत्या, हवी आहे!

"तुम्हाला?" मी खुळ्यासारखं विचारलं.

"हो. आईच्या गळ्यात बघत आले, मग तुझ्या गळ्यात बघितलं. तुझे मणी गिरगावात जाऊन मीच निवडले होते. तो दुकानदार म्हणाला, घालून बघा ना आरशात. मी म्हटलं, माझे नाहीत, भावाच्या बायकोचे आहेत. नुसते हातात धरले आणि दिले त्याला बांधायला. बिनलग्नाच्या मुलीने कसं घालायचं काळं? पुढे म्हातारी झाले, म्हटलं आता कोण बघतंय. पण तरी विचारणारच ना कुणीतरी, काळं घातलंस ते कुणाचं म्हणून?" एवढं बोलून त्या हसल्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

माझा राग फुस्स झाला. इतकी वर्षं ते मंगळसूत्र गळ्यात घालून मी त्यांच्यासमोर स्वयंपाक केला, भांडले, झोपले, आणि हे त्यांनी मनात ठेवलं होतं. मला भयंकर वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी कामाला लागते. मी त्या बाईशी घासाघीस सुरू केली. वन्संनी तोवर एक मोती उचलून दाताला घासून बघितला, खरखरीत लागला तर खरा. ती दुकानवाली खळखळून हसली. "हमार नानी भी ऐसने करत रही," म्हणाली, आणि नानीच्या आठवणीवर तिने भाव आणखी खाली आणला. पैसे वन्संनी त्यांच्या पेन्शनच्या कार्डावर दिले. मला देऊ दिले नाहीत. मी माझ्यासाठी काही घेतलं नाही. रागाबरोबर माझी हौसही निघून गेली होती.

बोटीवर त्या रोज ती सर घालायच्या. जेवताना हात सारखा गळ्याशी. सून म्हणाली, "आत्या, काय दिसताय!" तर लाजल्या. खरंच लाजल्या. मी डोळे भरून बघून घेतलं.

आणि मुंबईला परतताना, विमान उतरायला लागलं तशी त्यांनी ती सर काढली, रुमालात बांधली आणि पर्सच्या तळाशी घातली.

"का हो?"

"राहू दे. मुंबई आली."

घरी आल्यावर सर कपाटात गेली ती बाहेर येईना. मी टोमणे मारून बघितले, लाडीगोडी लावून बघितली. एकदा तर म्हटलं, "कपाटाला नटवायला एवढ्या लांबून आणलीत का?" त्या नुसत्या हसायच्या. मग सबब काढली, तो परदेशी हूक माझ्या बोटांना लागत नाही, सांधे धरलेत. एवढीच अडचण आहे ना? मी दुसऱ्याच दिवशी त्यांना टॅक्सीत घालून गिरगावात नेलं. एका सराफाच्या ओट्यावर दागिने गाठवून देणारा बसतो, त्याच्यापुढे सर ठेवली. म्हटलं, हूक काढा, मध्ये मध्ये बारीक सोन्याचे मणी घाला आणि डोक्यातून घालता येईल एवढी लांब करा.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "वाट्या द्या."

"कसल्या वाट्या?" मी म्हटलं.

"मंगळसूत्राच्या. मध्ये लावायला."

"वाट्या नाहीत," वन्सं म्हणाल्या.

"मग मधे काय घालू? उघडं दिसेल हो आजी."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं आणि ते चांगलं नव्हतं. पण वन्संनी माझ्या हातावर हात ठेवला. "उघडंच ठेवा," त्या त्याला म्हणाल्या. त्याने खांदे उडवले आणि ओवायला घेतलं. झाल्यावर फार देखणी दिसत होती. वन्संनी ती डबीत घातली, डबी पर्समध्ये, आणि घरी येऊन पुन्हा कपाटात. मी कपाळाला हात लावला.

मग संक्रांत आली. आमच्या टॉवरमध्ये महिला मंडळाचं हळदीकुंकू दर वर्षी खालच्या हॉलमध्ये होतं. तिळाचे लाडू वन्सं करतात, कारण त्यांच्यासारखा पाक कुणाला जमत नाही. पण हळदीकुंकवाला त्या रांगेत बसत नाहीत. हॉलच्या मागे छोटी खोली आहे, तिथे लाडू ताटात लावून द्यायच्या. का बसत नाहीत, कुणी विचारत नाही. सवाष्ण नाही आणि विधवाही नाही, करंडा घेऊन समोर आलेल्या बाईची पंचाईत व्हायची. ती वाचवायला त्या आत बसायच्या. नवरा गेल्यापासून मीही आतच. दोघींची गप्पांची सोय व्हायची, एवढंच त्यातलं चांगलं.

त्या वर्षी मंडळाच्या दोघी घरी आल्या. सेक्रेटरी आणि तिच्याबरोबर एक. फार गंभीर चेहऱ्याने बसल्या. "काकू, यंदा आम्ही विधवा भगिनींनाही सन्मानाने हळदीकुंकू द्यायचं ठरवलंय."

"भगिनी? काल लिफ्टमध्ये तर मी काकू होते," मी म्हटलं.

त्या कसनुसं हसल्या. मलाही मग बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चांगलं काम करत होत्या बिचाऱ्या. मी येते म्हटलं. आणि मग विचारलं, "आणि वन्सं?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. "आत्या ना... आत्या तर असतातच की. लाडू त्याच करतात."

वन्सं चहाचे कप घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी कप ठेवले, साखर पुरेशी आहे का विचारलं. त्या दोघी गेल्यावर मी अर्धा तास तोंडाचा पट्टा चालवला. वन्संनी तेवढ्यात कप धुतले आणि तीळ निवडायला घेतले.

हळदीकुंकवाच्या दिवशी संध्याकाळी मी काळी साडी नेसून तयार झाले. संक्रांतीला सगळ्याच काळ्या नेसतात. वन्सं त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या त्या फिक्या मोतिया रंगाच्या साडीत. आणि गळ्यात ती सर.

"काळ्या साडीवर दिसली नसती," त्या म्हणाल्या.

लिफ्टमध्ये मी तीनदा पदर सारखा केला. त्या शांत. खाली हॉलमध्ये गेलो तर सगळा काळोखच काळोख, काळ्या साड्यांचा, आणि त्यात या एकट्या उजळ. लाडवांची ताटं त्यांनी एका मुलीच्या हातात दिली आणि सरळ खुर्च्यांच्या रांगेत येऊन बसल्या. जुन्या चाळीतल्या बायकांच्या नजरा गळ्यावर गेल्या. कुजबूज झाली. सेक्रेटरीने भाषण केलं, मग आम्हा विधवांना एकेक गुलाब दिला आणि कुंकू लावलं. मला लावताना तिचं बोट कपाळाशी येऊन अडलं. मी तिला म्हटलं, नीट लाव गं, मी काही चावत नाही. खरं म्हणजे माझेच डोळे भरले होते. पण माझं अर्धं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे होतं. वन्संच्या पुढ्यात करंडा आलाच नव्हता. सेक्रेटरी त्यांच्यापाशी जरा घुटमळली, हसली आणि पुढच्या रांगेला वळली. मी पदर खोचून तयारच होते, पण भांडू कुणाशी? कुणी काही बोललंच नव्हतं.

मग उखाणे सुरू झाले. माइक एका नव्या नवरीकडे होता. दिवाळीच्या सुमाराला लग्न होऊन आमच्या टॉवरमध्ये आलेली, नोकरी करणारी, चुणचुणीत पोर. आल्यापासून रोज सकाळी आठला बाहेर पडते, तिला इथलं कुणाचं काही ठाऊक नाही. ती एकेकीपुढे माइक धरत होती. बायका नवऱ्याची नावं घेत होत्या, हशा-टाळ्या चालल्या होत्या. ती वन्संपुढे आली. तिने गळ्यात काळं बघितलं, त्यात सोन्याचे मणी बघितले. बिचारीने सरळ माइक पुढे केला.

"आजी, आता तुम्ही नाव घ्या! छान लांबलचक घ्या हं!"

मागून कुणीतरी "अगं, त्या..." म्हणालं आणि थांबलं. सेक्रेटरी उठून धावत यायला लागली. मी उभी राहिले. आता त्या पोरीला, सेक्रेटरीला, सगळ्या हॉलला काहीतरी सुनवायचं, एवढंच डोक्यात होतं. वन्संनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"तू बस," त्या म्हणाल्या, आणि स्वतः उभ्या राहिल्या. माइक हातात घेतला. त्यांना माइकवर बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. घसा खाकरला. दुसरा हात गळ्याशी गेला, मोत्यांवर.

"सातासमुद्रापलीकडून आणली काळ्या मोत्यांची सर," त्या म्हणाल्या, आणि जिथे नवऱ्याचं नाव यायचं तिथे त्यांनी स्वतःचं नाव घेतलं. नुसतं नाही, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. शाळेच्या मस्टरवर सही करायच्या तसं पुरतं, सावकाश. आणि मग, "...चं नाव घेते, मान ठेवून वर."

त्या घरात येऊन माझी हयात गेली. दीर त्यांना ताई म्हणतो, मुलगा आत्या म्हणतो, अख्खा टॉवर आत्या म्हणतो, मी वन्सं म्हणते. ते नाव असं मोठ्याने, पुरतं, मी कधी ऐकलंच नव्हतं. मला हुंदका आवरेना. जुन्या चाळीतली एक म्हातारी होती, तिने पहिली टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

त्या नव्या नवरीला काही उमगलं नव्हतं. टाळ्या थांबल्यावर तिने करंडा उचलला, कुंकवात बोट बुडवलं आणि मान वाकडी करून विचारलं, "आजी, पण हे नाव कुणाचं?"

"माझं," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी कपाळ पुढे केलं.